चाळीस गुलाम आणि दोन पाटील

आमच्या सात पिढ्यांत कुणी बंड केलेलं नाही. मी केलं असं जे आमच्या वाडीत अजून सांगतात, ते खोटं आहे. मी फक्त अर्ज केला होता, आणि तोही सरकारी परवानगी मिळावी म्हणून. परवानगी मागून करतात त्याला बंड म्हणत नाहीत, असं माझ्या बायकोचं, जैतुनबीचं, म्हणणं आहे, आणि तिचं म्हणणं सहसा बरोबर निघतं. मला त्याचाच त्रास होतो.

मळवली स्टेशनावर उतरून लोहगडाकडं चालू लागलं की एक वाडी लागते. तिचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते दोघेही हयात आहेत आणि दोघांच्याही हातात काठी असते. वाडीत मुलाण्याचं घर एकच, ते माझं. घर उभं आहे ते पाटील घराण्याच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, पाटील अंबाजीआबा यांच्या जागेत. पाणी भरतो ते धाकट्या पातीचे पाटील, म्हणजे रखमाजीभाऊ, यांच्या विहिरीवर. ना जागेचा कागद, ना विहिरीचा. दोन्ही गोष्टी तोंडच्या शब्दावर चालत आलेल्या. हे दोघे सख्खे चुलतभाऊ, आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळं एकाला हसून राम राम केला की दुसऱ्याला त्याहून थोडं जास्त हसून करावा लागे, आणि ते पहिल्यानं पाहिलं तर परत जाऊन हसावं लागे. हसूनसुद्धा माणूस दमतो, हे ज्याचं घर एकाच्या जागेत आणि हंडा दुसऱ्याच्या विहिरीत आहे त्यालाच कळेल.

सन तीसच्या हिवाळ्यातली गोष्ट. लोणावळ्याच्या बंगल्यांना मी अंडी आणि कोंबड्या पुरवीत असे. एका बंगल्यात मुंबईची सिनेमा कंपनी उतरली होती. तिचे डायरेक्टर केळुसकरसाहेब म्हणून होते. दोन्ही हातांच्या बोटांचा चौकोन करायचा आणि त्यातून एक डोळा मिटून बघायचं, ही त्यांची सवय. मला पहिल्या दिवशी वाटलं, डोळ्याचं काही दुखणं असेल. त्यांनी त्या चौकोनातून मला पाहिलं आणि म्हणाले, "मला चाळीस पाहिजेत. गुरुवारी."

चाळीस म्हटल्यावर माझा हात सवयीनं टोपलीकडं गेला.

"अंडी नव्हेत. गुलाम."

मी टोपली खाली ठेवली. साहेबांनी मग सगळी कथा सांगितली. दूर देशी एक बादशहा असतो. त्याच्याकडं हजारो गुलाम. त्यांना साखळीनं बांधून मरेस्तोवर राबवतात. त्यांच्यातला एक जण उठतो, साखळी तोडतो, सगळ्यांना जागं करतो आणि बादशहावर चालून जातो. चित्रपटाचं नाव 'बेडीभंग'.

"मग बादशहा मरतो?" मी विचारलं.

"नाही. पुढारी मरतो."

"आणि बादशहा?"

"तो राहतो."

"मग साहेब, बंड कशासाठी केलं?"

साहेबांनी चौकोन मोडला. म्हणाले, "ते चित्र बघितलं की कळतं."

चित्र मी तीन दिवस बघितलं. मला अजून कळलेलं नाही. पण मजुरी चांगली होती, वर एक वेळचं गोडाचं जेवण होतं, आणि मला नाही म्हणता येत नाही. हो म्हणायला काही विचार लागत नाही. नाही म्हणायचं तर फार विचार लागतो, आणि तो करेपर्यंत माझ्या तोंडून हो गेलेला असतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा जैतुनबी भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यात टाकली आणि म्हणाली, "म्हंजे तुमी जाऊन पाटलास्नी सांगनार, गुलाम व्हा म्हून?"

"सिनेमातले. खरे नव्हेत."

"आदी मला भांडी भाईर काडू द्या. मग सांगा."

भांडी तिनं काढली नाहीत, पण संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं सगळी वाडी जमली तेव्हा ती लांब उभी होती आणि तिचं लक्ष माझ्याकडं नसून आमच्या छपराकडं होतं.

मी कथा सांगितली. आमच्या वाडीचा मारुती सुतार हा तोंडाचा तिखट माणूस. तो म्हणाला, "गुलाम म्हंजे वेठबिगारच की. सायेब दौऱ्यावर आला की आमी करतोच. त्येचा फोटू कशाला काडायचा?"

लोक हसले. दोघं-तिघं उठून धोतर झटकायला लागले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात अंबाजीआबांनी काठी जमिनीवर आपटली आणि विचारलं, "साकळीत फुडं कोन?"

"कुणीही उभा राहील, आबा," मी म्हणालो.

"कुनीबी?"

आणि सगळे परत खाली बसले.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे, पण सांगतो. आमच्याकडं जिथं दोनापेक्षा जास्त माणसं उभी राहतात तिथं एक पहिला असतो, आणि पहिला असण्याला मान म्हणतात. पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा. होळीत पहिली पोळी पाटलाची. आता पाटलाच्या पाती दोन. त्यांच्या बापांनी या मानापायी एकमेकांची डोकी फोडली, आणि डोकी बांधून झाल्यावर असं ठरवलं की एक साल मान थोरल्या पातीचा, एक साल धाकट्या पातीचा. तेव्हापासून तसं चाललं आहे. म्हणजे चाळीस गुलाम जर ओळीनं उभे राहणार, तर त्यांत पहिला गुलाम असणार. आणि पहिला गुलाम होण्याचा मान पाटलाचा. यात वाडीतल्या एकाही माणसाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही वाटलं नाही.

"यंदाचा पोळा आमचा झाला," अंबाजीआबा म्हणाले. "तवा गुलामांत पयला मीच. ह्यात बोलन्यासारकं काय न्हाई."

रखमाजीभाऊ देवळाच्या दुसऱ्या खांबाला टेकून बसले होते. चुलतभावाशी बोलत नसल्यामुळं ते खांबाशी बोलले. "शिनेमा यंदा काडनार. पर दिसनार कवा, ते इचारा कुनीतरी."

मी म्हणालो, "साहेब म्हणत होते, शिमग्यानंतर."

"मंग मान फुडल्या सालचा. म्हंजे आमचा."

यावर जो वाद झाला तो दिवे लागेपर्यंत चालला. मान काढल्या सालाचा की दिसल्या सालाचा? निम्म्यांचं म्हणणं, मूल जन्मतं त्या सालाचं धरतात. निम्म्यांचं म्हणणं, जन्मतं म्हणजेच दिसतं, मग आमचंच खरं. मारुती सुतारानं दोन्ही बाजूंनी बोलून घेतलं. ज्यांना तासाभरापूर्वी गुलाम व्हायची लाज वाटत होती त्यांची नावं आता चाळीसाच्या वर गेली, आणि दोघांना मला परत पाठवावं लागलं. ते अजून माझ्याकडून अंडी घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजीआबा माझ्या दारापुढून गेले. त्यांची ती वाट नव्हे. "इब्राहिम, तुजं घर कुनाच्या जागंत हाय?"

"तुमच्या, आबा."

"ध्यानात हाय न्हवं? मग फुडं कोन उबा ऱ्हानार?"

"तुम्हीच, आबा."

तिथून हंडा घेऊन विहिरीवर गेलो तर रखमाजीभाऊ काठावर बसलेले. माझा पोहरा वर येईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पानी ग्वाड हाय न्हवं आमच्या हिरीचं?"

"फार गोड, भाऊ."

"मग साकळीत पयला कोन?"

"तुम्हीच, भाऊ."

घरी येऊन हंडा उतरवला आणि मग माझ्या ध्यानात आलं की गुरुवारी सकाळी माझं एक तर छप्पर जाणार किंवा पाणी. कुठलं आधी गेलेलं बरं, हे मी जैतुनबीला विचारलं. ती म्हणाली, "तुमीच जावा. दोनीबी ऱ्हातील."

तशात केळुसकरसाहेबांनी निरोप धाडला की एवढी माणसं जमवायची तर सरकारची परवानगी लागेल, दिवस तसे आहेत, तेव्हा तू गावचा माणूस म्हणून वडगावला जाऊन अर्ज दे. दिवस तसेच होते. मिठाची गडबड ताजी होती, आणि चार माणसं एकत्र खोकली तरी पोलीस वहीत लिहून ठेवीत. साहेबांनी विचारलं, "लिहिता येतं ना?"

आता, अंड्यांच्या पार्सलावरची नावं वाचता यावीत म्हणून मी छत्तिसाव्या वर्षी लोणावळा स्टेशनातल्या पार्सलबाबूंकडून अक्षरं शिकलो होतो. दोन वर्षांत मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "येतं." रात्र नव्हे, सबंध दिवस खर्च करून मी अर्ज लिहिला. तो असा:

'मेहेरबान मामलेदारसाहेब, वडगाव मावळ, यांचे सेवेशी. विनंती अर्ज ऐसा की, येत्या गुरुवारी आमचे वाडीतील चाळीस इसम राजाविरुद्ध बंड करणार आहेत. तरी परवानगी मिळावी. बंडास लागणारे सामान मुंबईहून येणार आहे. कळावे. आपला आज्ञाधारक, इब्राहिम मुलाणी.'

कारकुनानं अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग उठून त्यानं खोलीचं दार लावून घेतलं.

"राजाविरुद्ध?"

"होय, रावसाहेब."

"आणि खाली आज्ञाधारक?"

"तसं लिहितात असं पार्सलबाबू म्हणाले."

त्यानं भिंतीवर पाहिलं. भिंतीवर बादशहांची तसबीर होती, दाढीवाली. मीही पाहिलं. "हे नव्हेत," मी घाईनं म्हणालो. "दुसरे. दाढी आहे, पण वेगळी आहे."

मला आत मामलेदारसाहेबांपुढं उभं केलं. साहेब शांत आणि सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळी कथा ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "बंड शेवटी यशस्वी होतं काय?"

"नाही, साहेब. पुढारी मरतो, बादशहा राहतो."

"शहाण्या माणसानं लिहिलेली कथा दिसते," ते म्हणाले आणि परवानगी दिली. शर्ती तीन होत्या. बंड सूर्यास्तापूर्वी आटोपतं घ्यावं. राजाच्या अंगाला कुणी हात लावू नये. आणि देखरेखीला एक हवालदार राहील. राजाला हात न लावता त्याच्यावर चालून कसं जायचं, हे मला कळलं नाही, पण परवानगी हातात असताना शंका काढणारा मी नव्हे.

कचेरीतून बाहेर येऊन मी वडगावच्या बाजारात एका तेल्याच्या घाण्यापाशी सावलीला बसलो. बैल गोल फिरत होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. बघता बघता मला दिसलं की याच्या पुढंही कुणी नाही आणि मागंही कुणी नाही. याच्याबरोबर अजून एकोणचाळीस बैल जुंपले असते तरी पहिला कोण, हे खुद्द तेल्यालाही सांगता आलं नसतं. मी जो उठलो तो थेट गाडी धरून लोणावळ्याला.

"साहेब, गुलामांची ओळ नको. त्यांना चाकाला जुंपा. मोठं चाक, आडवं. गोल गोल फिरवतील."

साहेबांनी बोटांचा चौकोन केला आणि त्यातून कितीतरी वेळ बघत राहिले. "चाक! काळाचं चाक! मुलाणी, तू कलावंत आहेस."

मला दोन दिवस फार बरं वाटत होतं.

गुरुवार उजाडला. लोहगडाखालच्या माळावर लाकडी चाक उभं राहिलं. वाडीतली झाडून सगळी आली, बायकासुद्धा. पहिली अडचण पागोट्यांची निघाली. साहेब म्हणाले, गुलामांच्या डोक्याला पागोटी नसतात. आमच्याकडं घरात कुणी गेलं तरच माणूस बोडक्या डोईनं बाहेर पडतो. अंबाजीआबांची बायको कस्तुराबाई पुढं आली आणि साहेबांच्या तोंडावर म्हणाली, "आमच्यात कोन मेलंया ते सांगा, मग काडत्यात पागुटं."

साहेबांनी डोकं धरलं. शेवटी असं ठरलं की त्या दूरच्या देशात गुलाम पागोटी घालीत. इतिहासाचं काय व्हायचं ते झालं.

मग बादशहा आले. आप्पा वेलणकर म्हणून नाटकातले जुने नट होते. पोट मोठं, दाढी खोटी, मुकुट पिवळा. बैलगाडीतून उतरले ते सरळ लोकांकडं आले, हात जोडले आणि म्हणाले, "राम राम, पाटील. आंबेमोहर कसा उतरला औंदा?"

त्यांनी पाटील म्हणताना कुणाकडंच नीट पाहिलं नव्हतं, त्यामुळं दोन्ही पाटलांनी राम राम घेतला. बादशहा जमिनीवर मांडी घालून बसले, चुना मागितला, कुणाच्या म्हशीची चौकशी केली. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस गुलाम त्यांचे झाले.

गुलामांचा पुढारी मात्र छत्रीखाली बसून होता. मास्टर इंदुलाल त्यांचं नाव. गालाला पावडर, हाताला अत्तर. त्यांनी कुणाकडं पाहिलंसुद्धा नाही.

चाक सुरू झालं. कॅमेरा म्हणजे तीन पायांवरची एक पेटी, बाजूला दांडा, तो एक माणूस फिरवायचा. मी विचार केला होता की गोलात कुणी पहिला नसतो. पण पेटी एकाच जागी असते, आणि फिरता फिरता प्रत्येक जण एकदा तिच्या पुढं येतो, हा विचार केला नव्हता. तेल्याच्या बैलापुढं पेटी नव्हती. अंबाजीआबा पेटीपुढं आले आणि थांबले. पागोटं नीट केलं, मिशी वर केली, आणि तसबिरीला बसावं तसे सरळ बघत राहिले. मागचे त्यांच्या पाठीवर आदळले. दुसऱ्या फेरीत रखमाजीभाऊ पेटीपुढं आले. ते आबांपेक्षा दुप्पट थांबले. मग आबा त्याच्या दुप्पट. साहेब ओरडत होते, "फिरा! फटके बसताहेत तुम्हाला! दुःख दाखवा!" दुःख फक्त मागच्या माणसांना होत होतं. दुपारपर्यंत चाक साडेतीन वेळा फिरलं. शेवटी साहेबांनी पेटीचे पाय आखूड करून ती पार जमिनीलगत आणली. का, ते कुणी विचारलं नाही.

गोडाचं जेवण झालं आणि बंडाची वेळ आली. गुलामांना पत्र्याच्या हलक्या साखळ्या बांधल्या. बादशहा मुकुट घालून दगडावर बसले. बाजूला हवालदार घड्याळ काढून उभा. साहेब ओरडले, "उठा! तोडा साखळ्या! बादशहावर धावून जा!"

कुणी हललं नाही.

"अरे, धावा! काय झालं?"

अंबाजीआबा म्हणाले, "काय म्हून धावायचं? त्येनं आमचं काय वाकडं केलंया?"

"त्यानं तुम्हाला साखळीनं बांधलंय!"

"साकळ तुमच्या मानसानं बांदली. मी बगत हुतो."

हवालदारानं मान डोलावली. त्यानंही पाहिलं होतं. बादशहांना बिचाऱ्यांना फार संकोच झाला. ते दगडावरून म्हणाले, "या हो पाटील, या, माझी हरकत नाही." पण इतक्या चांगल्या माणसावर कोण धावणार? आणि वर सरकारी शर्त होतीच. मी साहेबांना शर्तीचा कागद दाखवला. साहेबांनी तो वाचला आणि माझ्याकडं जे पाहिलं ते चौकोनातून नव्हतं.

एवढ्यात मास्टर इंदुलाल छत्रीखालून उठले. ऊन लागून त्यांची पावडर ओघळत होती. ते तरातरा आले आणि अंबाजीआबांच्या दंडाला धरून म्हणाले, "ए म्हाताऱ्या, हल की! अरे, ऐकू येत नाही काय तुला?"

आबांचं वय साठ. त्यांना अरे म्हणणारं माणूस पंधरा वर्षांपूर्वी वारलं होतं, आणि ती त्यांची आई होती.

तेव्हा रखमाजीभाऊ बोलले. खांबाशी नव्हे. "दादा," ते म्हणाले, "ह्यो तुला अरं म्हनला."

नऊ वर्षांनी आबांनी चुलतभावाकडं पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "आयकलं म्या."

मग साखळ्या तुटल्या. चाळीस गुलाम जे उठले ते एकदम उठले, आणि अशी आरोळी झाली की लोहगडानं ती परत पाठवली. मास्टर इंदुलाल पुढं, वाडी मागं. पेटीवाला हुशार, तो दांडा फिरवीत राहिला. केळुसकरसाहेब नाचत होते, "असाच! असाच संताप पाहिजे मला!" मास्टर माळ उतरले, ओढा ओलांडला, मळवली स्टेशनात शिरले आणि गुलामाच्या लंगोटीवरच पुण्याकडं जाणाऱ्या गाडीत चढले. तिकीट त्यांच्याकडं होतं की नव्हतं, माहीत नाही. लंगोटीला खिसा नव्हता.

हवालदारानं वहीत लिहिलं: बंड पावणेचार वाजता समाप्त. राजास धक्का नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी प्रश्न निघाला की धावताना सगळ्यांत पुढं कोण होतं? आबा म्हणाले मी. भाऊ म्हणाले, आबाला दम लागतो, मी. दोघांचं बोलणं परत बंद. "पडद्यावर दिसंलच," आबा माझ्या छपराकडं बघत म्हणाले. "दिसंल की," भाऊ माझ्या हंड्याकडं बघत खांबाला म्हणाले. शिमग्यापर्यंतचे चार महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. छपराची कौलं मी फिरवली नाहीत, आणि पाणी रोज एक हंडा कमीच भरलं.

शिमगा झाला आणि लोणावळ्यात तंबू लागला. तीन दिवस 'बेडीभंग'. पहिल्या दिवशी सगळी वाडी बैलगाड्यांतून गेली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. त्या वेळी सिनेमा बोलत नसे. माणसं तोंड हलवीत, मग पडद्यावर अक्षरं येत, आणि वाचता येणारा एक जण ती मोठ्यानं वाचून दाखवी. तंबूवाल्याच्या वाचणाऱ्याचा घसा बसला होता. वाडीनं एकच ओरडा केला, "आमचा मुलानी वाचंल!" आणि ज्या माणसानं त्या दिवशी घरी पडून राहायला हवं होतं त्याला पडद्याशेजारी खुर्चीवर चढवलं.

चाक आलं. पडद्यावर फक्त पाय दिसत होते. चाळीस माणसांचे पाय, घोट्याच्या वर काही नाही. मुंबईच्या लोकांना त्यात काय दिसलं असेल ते असो. आमच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"आगं बया, हे आमच्या मालकाचं पाऊल!" रखमाजीभाऊंची धोंडाबाई ओरडली. "आंगट्याला चिंदी म्याच बांदली हुती!"

"त्येच्या फुडं कुनाचं हाय बग की," कस्तुराबाई म्हणाली. "भेगा बग भेगा. वळक पटती का?"

"फुडं कसलं? गोल हाय ते! माग हाय!"

पुढं जाऊन ती धाव आली. मी डोळे मिटणार होतो, पण वाचायचं होतं. सबंध माळ दिसत होता. पुढं मास्टर इंदुलाल, छाती काढून, जीव खाऊन पळताहेत. मागं धुरळा. धुरळ्यात आमची पागोटी. मास्टर जीव घेऊन पळताहेत हे आम्हाला माहीत. पण पाहणाऱ्याला असं वाटावं की पुढारी सगळ्यांना घेऊन लढाईला निघाला आहे. म्हणजे सगळ्यांत पुढं आबा नव्हते, भाऊ नव्हते. ज्यानं आबांना अरे म्हटलं तो होता, आणि दोन्ही पाटील त्याच्या मागनं चालले होते.

आणि अक्षरं आली: 'धन्य हो नेत्या! आम्ही चाळीस तुझे दास!'

सगळे माझ्याकडं बघायला लागले. डाव्या हाताला माझं छप्पर बसलं होतं, उजव्या हाताला माझं पाणी. हे जसंच्या तसं वाचलं तर दोन्ही जाणार. मी घसा साफ केला आणि वाचलं:

"'पळ, हरामखोरा, पळ! पाटील मागं आलेत!'"

तंबू कोसळतो की काय असं वाटलं. पागोटी उडाली. पुढच्या खुर्च्यांवरचे एक वकीलसाहेब वळून म्हणाले, "अहो, तसं लिहिलेलं नाही!" मारुती सुतार मागून म्हणाला, "तुमी हुता का तितं?" शेवटी बादशहाच्या शिपायांनी पुढाऱ्याला मारलं तेव्हा चाळीस गुलामांनी टाळ्या वाजवल्या, आणि आप्पा वेलणकर पडद्यावर सिंहासनावर बसले तेव्हा अर्ध्या तंबूनं राम राम केला.

बाहेर आल्यावर आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ब्येस वाचलंस. पर उद्या नाव घिऊन वाच. 'अंबाजी पाटील मागं आलाय.'" भाऊंनी मला बैलगाडीच्या आडोशाला गाठलं. "नुस्तं पाटील म्हंजे कोन? उद्या नाव घे माजं."

मी दोघांनाही हो म्हणालो. ते झाल्यावर हिशेब केला: पहिला दिवस बिननावाचा गेला, दुसरा आबांचा, तिसरा भाऊंचा. बरोब्बर बसलं. दोन्ही दिवस तसं वाचलं, दोघेही आपापल्या दिवशी खूष. मी अल्लाचे आभार मानले. आणि तिसऱ्या दिवशी खेळ सुटताना तंबूवाल्यानं घंटा वाजवून सांगितलं की लोकांच्या आग्रहावरून खेळ आणखी एक दिवस वाढवला आहे.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी तळेगावला बहिणीकडं गेलो. जैतुनबीला सांगितलं, पोटात कळ आहे. ती म्हणाली, "कळ तळेगावात जाऊन बरी व्हती का?"

दोन दिवसांनी परतलो. लांबूनच पाहिलं. छप्पर जागेवर होतं. दारात दोन्ही हंडे भरलेले. वाटेत जो भेटे तो माझ्याकडं बघून हसे. देवळापुढं आबा आणि भाऊ एकाच कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते; मला बघून दोघांनी एकमेकांच्या अंगावर हात टाकला आणि इतके हसले की भाऊंना ठसका लागला. मला काहीच कळेना. घरात शिरलो तर जैतुनबी चुलीपुढं.

"परवा काय झालं? कुणी वाचलं?"

"म्या."

"तुला अक्षर येत नाही!"

"तुमाला येत हुतं, म्हून काय मोटं वाचलंत?" तिनं भाकरी उलटली. "लोक म्हनले, मुलानी न्हाई तर मुलानीन. चडवलं खुर्चीवर. डोईवर पदर घ्येतला आन् वाचलं."

"काय वाचलंस?"

"पळ, इब्राहिम, पळ! दोनी पाटील मागं आलेत!"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. माझं नाव तिनं घरात चुलीपुढंसुद्धा कधी घेतलं नव्हतं. मी पाटावर बसलो. मग मला महत्त्वाची गोष्ट आठवली आणि मी घाबरून विचारलं, "पण पहिलं नाव कुणाचं घेतलंस?"

भाकरी टम्म फुगली होती. ती काढून माझ्या पुढ्यात ठेवीत ती म्हणाली, "तुमचं."